मदत हवी आहे : गुदाशयाचा कर्करोग, अहवालात ‘डीएमएमआर’. रेडिएशन थांबवून आधी इम्युनोथेरपीची विचारणा करावी का?

नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाला, वय ४३, गेल्या महिन्यात गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. दहा दिवसांनी त्याचे रेडिएशन सुरू व्हायचे आहे आणि त्याआधी मला जाणकारांकडून एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे वाचलेले थोडेफार समजते, पण समजलेले कितपत बरोबर आहे याची खात्री करून देणारे जवळ कोणी नाही.

दादा ऊस करतो. त्याला आठ महिने शौचातून रक्त जात होते. घरातल्या सर्वांनी, आणि ज्यांच्याकडे तो दोनदा गेला त्या डॉक्टरांनीही, ती मूळव्याध आहे असे गृहीत धरले. मलम झाले, चूर्ण झाले, तिखट बंद झाले. गाठ गुदद्वारापासून जेमतेम ४ सेंटिमीटर आत होती, म्हणजे हातमोजा घालून बोटाने तपासले असते तरी ती लागली असती, पण त्या आठ महिन्यांत तशी तपासणी कोणी केली नाही. हे मी कोणावर राग काढण्यासाठी लिहीत नाही. ज्यांच्या घरात कोणाला रक्त जात असेल आणि चाळिशीच आहे म्हणून दुर्लक्ष होत असेल, त्यांनी एवढे तरी वाचावे म्हणून लिहिते.

कोलोनोस्कोपी, बायोप्सी, ओटीपोटाचा एमआरआय आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला आहे. अ‍ॅडेनोकार्सिनोमा आहे, टप्पा टी-३ एन-१ सांगितला आहे, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीच्या स्नायूच्या बाहेरपर्यंत आली असून जवळच्या काही लसिकाग्रंथींतही रोग असावा. यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ आहेत. आम्हाला सांगितलेली योजना अशी आहे की साडेपाच आठवडे रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, त्यानंतर काही महिने शिरेतून केमो, आणि शेवटी शस्त्रक्रिया. गाठ इतकी खाली असल्यामुळे शस्त्रक्रियेत गुदद्वारही काढावे लागेल आणि पोटावर शौचाची पिशवी कायमची राहील, हे सर्जननी स्पष्टपणे आणि सहानुभूतीने सांगितले. दादाने ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर वहिनीला म्हणाला की पिशवी लावून मी पाण्याच्या पाळीला रात्री रानात कसा जाणार. तेव्हापासून तो उपचारांविषयी बोलतच नाही. तो मध्येच सगळे सोडून देईल ही भीती मला रोगाइतकीच आहे.

आता मुख्य मुद्दा. बायोप्सीच्या मूळ अहवालानंतर बारा दिवसांनी प्रयोगशाळेकडून एक पुरवणी अहवाल आला आणि तो फाइलमध्ये लावला गेला, पण त्यावर आमच्याशी कोणी बोलले नाही. त्यात लिहिले आहे की एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही प्रथिने पेशींमध्ये दिसतात, परंतु एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दिसत नाहीत, म्हणून ही गाठ ‘डीएमएमआर’, म्हणजे डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली, आहे. मी जे वाचले त्यावरून मला समजले ते असे. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करते तेव्हा अक्षरांच्या चुका होतात आणि ही चार प्रथिने त्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचे भाग आहेत. एमएसएच-६ हे एमएसएच-२ च्या जोडीने टिकते, त्यामुळे एमएसएच-२ नाहीसे झाले की दुसरेही दिसेनासे होते. दुरुस्ती बंद पडली की चुका साठत जातात, विशेषतः डीएनएमधील त्याच त्याच अक्षरांच्या छोट्या पुनरावृत्तींच्या ठिकाणी. अशा गाठीच्या पेशी इतकी परकी प्रथिने तयार करतात की शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यांना ओळखू शकते. फक्त गाठ प्रतिकारपेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरते, आणि इम्युनोथेरपीचे औषध तो ब्रेक सोडवते. या ब्रेकच्या शोधासाठी तासुकु होंजो यांना आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रेकवरील कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात माझी काही चूक होत असेल तर कृपया दुरुस्त करावी, कारण पुढचा सगळा प्रश्न याच्यावर उभा आहे.

जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॉ. आंद्रेया सर्सेक, डॉ. लुईस डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ‘कर्करोग नाहीसा करणारे औषध’ अशा मथळ्यांनी त्याची बातमी आली होती. मी ती वाचली होती आणि विसरलेही होते. त्या अभ्यासात नेमके दादासारखेच रुग्ण होते, म्हणजे गुदाशयाचा कर्करोग, टप्पा दुसरा किंवा तिसरा, आणि गाठ डीएमएमआर. त्यांना डोस्टारलिमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारे औषध दर तीन आठवड्यांनी, असे सहा महिने देण्यात आले. त्यानंतर रेडिएशन आणि शस्त्रक्रिया करायची असे ठरले होते, पण उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ पैकी १२ जणांत तपासणी, दुर्बीण, एमआरआय आणि पेट स्कॅन यांपैकी कशातही गाठ उरलेली दिसली नाही, त्यामुळे कोणालाच रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करावी लागली नाही. बारा हा आकडा लहान आहे हे मला कळते. मात्र २०२५ मध्ये त्याच गटाने पुढचे निष्कर्ष मांडले तेव्हा गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४९ रुग्णांनी उपचार पूर्ण केले होते आणि त्या सर्व ४९ जणांत गाठ नाहीशी झाली होती. जठर, मोठे आतडे अशा इतर अवयवांच्या गाठी असलेल्या ५४ जणांत हे यश ३५ जणांना मिळाले, म्हणजे औषध सर्वत्र सारखे चालत नाही, पण गुदाशयात ते विलक्षण चालते असे दिसते.

याच्या जोडीने मी नेदरलँड्समधील ‘निश-२’ या अभ्यासाविषयीही वाचले. तिथे मोठ्या आतड्याच्या डीएमएमआर गाठींना शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडेच दोन इम्युनोथेरपी औषधे दिली आणि तरीही काढलेल्या आतड्यात ६८ टक्के रुग्णांत कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. तिथे शस्त्रक्रिया झालीच, त्यामुळे गाठ खरोखर मेली होती हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले. मला हा पुरावा एका अर्थाने अधिक धीर देणारा वाटला.

मग दादाच्या बाबतीत हा विचार आधी का होऊ नये? मी हे डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की सिद्ध झालेली पद्धत रेडिएशन आणि शस्त्रक्रियेचीच आहे, नवीन औषधाचा दूरचा परिणाम माहीत नाही आणि खर्च तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यांच्या पहिल्या दोन मुद्द्यांचा मी आदर करते. गुदद्वारासह गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडली, तेव्हापासून तिने असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत, आणि शंभर वर्षांच्या अनुभवासमोर काही वर्षांचा अनुभव ठेवताना कोणताही जबाबदार डॉक्टर बिचकणारच. परंतु इम्युनोथेरपीने गाठ गेली नाही तर रेडिएशन आणि शस्त्रक्रिया नंतरही करता येतील, उलट एकदा गुदद्वार काढल्यावर ते परत येणार नाही. माझ्या या तर्कात कुठे खोट आहे का, एवढे मला कोणीतरी प्रामाणिकपणे सांगावे. सहा महिन्यांत गाठ वाढून हाताबाहेर जाण्याचा धोका खरोखर किती असतो? ती वाढते आहे की वितळते आहे हे मधल्या काळात कसे ओळखतात?

दुसरा प्रश्न पैशाचा. एका मात्रेचा खर्च आम्हाला लाखांत सांगितला गेला आहे. आमची शिधापत्रिका केशरी आहे आणि आतापर्यंतचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. अशा औषधासाठी योजनेतून किंवा धर्मादाय निधीतून मदत मिळवलेले कोणी इथे असल्यास कोणत्या क्रमाने अर्ज केले ते कृपया लिहावे. टाटा रुग्णालयातील संशोधकांनी निव्होलुमॅब हे त्याच प्रकारचे औषध नेहमीच्या मात्रेच्या छोट्याशा अंशाने, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन तोंड व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांपर्यंत नेले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधनही मी वाचले. ती कमी मात्रा दादाला चालेल का?

तिसरा प्रश्न लिहिताना हात जड होतो. आमचे वडील ५१ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले आणि त्यांची बहीण, आमची आत्या, ४८ व्या वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगाने. गावात याला ‘त्या घराण्याची पोटाची पीडा’ म्हणत. दादाच्या अहवालानंतर मी ‘लिंच सिंड्रोम’, म्हणजे आतड्याचा, गर्भाशयाचा कर्करोग घराण्यात आणणारा आनुवंशिक विकार, हा शब्द पहिल्यांदा वाचला. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या शिंपीणबाईने सांगितले होते की तिच्या घरची माणसे जशी पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या आजाराने गेली तशीच तीही जाणार, आणि ती तशीच गेली. पुढे त्याच घराण्याचा माग काढत हा विकार समजला. ते वाचताना मला माझी आजी आठवली, कारण तीही हेच बोलत असे आणि आम्ही तिला गप्प करत असू. मी ३९ वर्षांची आहे. दादाची मुले १७ आणि १४ वर्षांची आहेत. आत्याच्या मुलांशी जमिनीच्या वाटणीपासून आमचे बोलणे नाही. कोणाची, कोणती तपासणी, कधी करायची?

उत्तर देताना कडू असले तरी खरे तेच लिहावे ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, पुणे)

ताई, आपण यंत्रणेचे जे वर्णन केले आहे ते बरोबर आहे. मी माझ्या विषयापुरतेच बोलतो, कारण उपचारांचा निर्णय रुग्णाला समोर पाहणाऱ्यांनीच घ्यायचा असतो.

सर्वांत आधी त्या पुरवणी अहवालाची खातरजमा करून घ्या. प्रथिनांचे रंजन, म्हणजे ती रंगवून पाहण्याची पद्धत, हे ऊतक किती वेळ आणि कसे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले यावर अवलंबून असते, आणि बायोप्सीचा तुकडा लहान असेल तर फसगत होऊ शकते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले होते की पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात इम्युनोथेरपीला सुरुवातीपासूनच दाद न देणाऱ्या ५ रुग्णांपैकी ३ जणांची गाठ मुळात डीएमएमआर नव्हतीच, तपासणीच चुकली होती. ज्या अहवालाच्या आधारावर शस्त्रक्रिया टाळायची, तो दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे पीसीआरने किंवा जनुकवाचनाने, तपासून घेणे हा अतिरेक नाही. त्यासाठी रुग्णालयाकडून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा, मागून घ्या. तो मागता येतो, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. अनुभवी प्रयोगशाळेत स्लाइडही पुन्हा वाचून घ्या. नकारात्मक रंजन खरे मानण्यासाठी शेजारच्या निरोगी पेशी रंगलेल्या असायला हव्यात. त्या रंगल्या आहेत का एवढाच प्रश्न विचारला तरी वाचणाऱ्याला कळेल की आपण गंभीर आहात.

एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही जोडी जाणे, वय ४३, वडील आणि आत्या हे सगळे लिंच सिंड्रोमकडेच बोट दाखवते. तरीही शिक्कामोर्तब आपल्या भावाच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीनेच होईल. आधी त्याची तपासणी करा, कारण त्याच्यात नेमका दोष सापडला की आपली आणि मुलांची तपासणी त्या एकाच दोषासाठी, कमी खर्चात आणि निःसंदिग्ध करता येते. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की ती ‘त्या घरची’ झाली असे मानले जाते, पण जनुके तसे मानत नाहीत. आत्याच्या मुलांना कळवणे ही वाटणीच्या पलीकडची गोष्ट आहे. एमएसएच-२ चा दोष निघाल्यास साधारण विसाव्या ते पंचविसाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात, कारण अशा लोकांत मांसांकुरापासून (पॉलिपपासून) कर्करोग होण्यास फार थोडा काळ लागतो. स्त्रियांनी गर्भाशय आणि बीजांडकोश यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञाशी स्वतंत्र बोलावे. अनियमित रक्तस्रावाकडे आपण एक दिवसही दुर्लक्ष करू नका.

एक आशादायक गोष्टही सांगतो. इंग्लंडचे जॉन बर्न यांच्या गटाने लिंच सिंड्रोमच्या ८६१ व्यक्तींना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत अ‍ॅस्पिरिन गटातील ४२७ पैकी ४० जणांना आतड्याचा कर्करोग झाला आणि दुसऱ्या गटातील ४३४ पैकी ५८ जणांना. अ‍ॅस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, पण डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रतिसाद (रुग्णाची पत्नी, नाशिक)

माझ्या यजमानांची गाठ डीएमएमआर नव्हती, त्यामुळे आमचा मार्ग रेडिएशन आणि केमोचाच होता. त्याने गाठ पूर्ण विरघळली आणि शस्त्रक्रिया न करता त्यांना निरीक्षणाखाली ठेवले आहे. ही पद्धत ब्राझीलच्या साओ पावलो येथील सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी रुजवली, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. आपल्याला एवढेच सांगते की ‘शस्त्रक्रिया टळली’ म्हणजे दवाखाना सुटला असे नाही. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय. परत येणारी बहुतेक गाठ याच काळात येते आणि वेळेवर सापडली तरच शस्त्रक्रियेने काढता येते. भावाला उसाच्या तोडीच्या हंगामातही तारीख चुकवता येणार नाही, हे त्याला आत्ताच सांगा.

माझ्या नणंदेला दुसऱ्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी झाली. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत, पण चौथ्या मात्रेनंतर थायरॉइड कायमचा मंदावला. काहींना आतड्याला, यकृताला किंवा फुप्फुसाला सूज येते. जुलाब लागले तर ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी कळवावे लागते.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला लगेच जाणे जमत नसेल तर टाटा रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे मत कागदपत्रांवरून देणारी ‘नव्या’ ही सेवा आहे. प्रत्यक्ष गेल्यास वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव नोंदवा. आम्ही ते तिसऱ्या महिन्यात केले आणि पस्तावलो. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक यांच्या चार-चार प्रती जवळ ठेवा.

धागाकर्तीची पुरवणी, पाच आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी दिलेल्या उत्तरांसाठी मनापासून आभार. ब्लॉक मिळाला, पीसीआर तपासणीत गाठीच्या डीएनएमधील त्या छोट्या पुनरावृत्ती अस्थिरच निघाल्या, म्हणजे पहिला अहवाल खरा होता. दुसऱ्या मतासाठी आम्ही गेलो तेथे सर्जन, रेडिएशनतज्ज्ञ आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून दादाची फाइल पाहिली. रेडिएशन पुढे ढकलून आधी पीडी-१ रोखणारे औषध द्यावे, दीड महिन्याने दुर्बिणीतून पाहावे आणि तीन महिन्यांनी एमआरआय करावा, गाठ लहान होत नसेल तर वेळ न दवडता मूळ योजनेकडे परतावे, असे ठरले. माझ्या तर्कातली खोट त्यांनी दाखवली. ‘शस्त्रक्रिया नंतरही करता येईल’ हे वाक्य तपासण्या वेळेवर झाल्या तरच खरे असते, आणि निम्म्याहून अधिक जोखीम औषधात नसून रुग्ण परत न येण्यात असते, असे त्यांच्यापैकी एक डॉक्टर म्हणाल्या. कमी मात्रेविषयी त्यांनी नकार दिला. तोंड-घशाच्या पसरलेल्या रोगात आयुष्य वाढवणे आणि बरा होऊ शकणाऱ्या रुग्णात शस्त्रक्रिया टाळणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, तिथला पुरावा इथे वापरता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले. पैशांपैकी काही भाग धर्मादाय निधीतून मंजूर झाला, काही औषध कंपनीच्या रुग्णसाहाय्य योजनेतून, उरलेल्यासाठी मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली.

दोन मात्रा झाल्या आहेत. रक्त जायचे थांबले आहे. याचा अर्थ लावण्याची घाई करू नका असे डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून मीही इथे तो लावत नाही. दादा मात्र पुढच्या तारखा स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहू लागला आहे.

रक्ताची जनुकीय तपासणी पाठवली आहे. काल मी आत्याच्या मुलीला फोन केला. नऊ वर्षांनी. तिने सगळे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली की आईचे सगळे रिपोर्ट अजून ट्रंकेत जपून ठेवले आहेत, समुपदेशनाला येताना घेऊन येते. आता एकच विचारायचे आहे. वीस वर्षांपूर्वीचे ते कागद आणि, रुग्णालयाने जपला असेल तर, आत्याचा ब्लॉक आज तपासणीसाठी उपयोगी पडू शकेल का?